बोटीचा ट्रेलर दुरुस्त करायचा की बदलायचा? ठरवायचं कसं

ट्रेलरला काही झालं की सल्ला देणारे चार जण लगेच गोळा होतात. अर्धे म्हणतात, "दोन टाके मारून घ्या, चालतंय की." उरलेले म्हणतात, "भंगारात घाला, नवा आणा." यातल्या एकानेही वाकून खाली पाहिलेलं नसतं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं उतरलेल्या ट्रेलरच्या निमित्ताने हा घोळ मी पुरता निस्तरला आहे. त्यातून पक्कं झालेलं माझं मत एवढंच की निर्णय सांगाड्यावर होतो. चाकं, हब (चाक ज्यावर बसतं तो गाभा), ब्रेक, दिवे, विंच (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायचं चरक) हे सगळं नट-बोल्टांनी बसवलेलं असतं, ते काढून नवं लावता येतं. सांगाडा गेला तर मात्र तुम्ही नवे भाग मेलेल्या हाडांवर चढवत बसता.

आणखी एक भेद सुरुवातीलाच करा. नुकसान धक्क्याने झालंय की गंजाने? खड्ड्यात चाक आदळून दोन्ही चाकं जोडणारा अ‍ॅक्सल वाकला, मागे घेताना पुढची दांडी (जी गाडीला जोडतात) कशाला तरी धडकली, तर इजा तेवढ्याच जागी असते आणि आजूबाजूचं लोखंड धड असतं. असा ट्रेलर बहुतेक वेळा दुरुस्त होतो. गंजाचं तसं नाही. एका जागी भोक दिसलं म्हणजे तिथे तो बाहेर आला एवढंच. आत किती पसरलाय ते शोधणं हेच तुमचं मुख्य काम.

१. आधी बोट उतरवा

बोट वर असताना खालचे आडवे दांडे, बोट ज्यांवर टेकते त्या फळ्यांचे ब्रॅकेट आणि सांधे धड दिसत नाहीत. बोट पाण्यात बांधा किंवा पक्क्या आधारांवर ठेवा. मग ट्रेलर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. चौकोनी नळ्यांच्या तोंडात पाईप घालून आतला चिखल, वाळू, शेवाळ बाहेर काढा. नळीत साठलेली ओली वाळू हेच गंजाचं माहेरघर.

चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जॅकने उचललेल्या ट्रेलरखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका, घोडी (सांगाड्याखाली टेकवायचा पक्का स्टँड) लावाच. आणि सांगाड्याबद्दल शंका असेल तर "तपासायला नेतो" म्हणून बोटीसकट रस्त्यावर काढू नका. मिस्त्रीला जागेवर बोलवा, नाहीतर रिकामा ट्रेलर दुसऱ्या गाडीवर लादून न्या.

२. काय काय जवळ हवं

हत्यारं:
- छोटी हातोडी, जुना जाडसर स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश
- लांब टेप, खडू, ओळंब्यासाठी दोरी
- जॅक, घोड्या, पाने, गंज सुटायचं तेल
- टॉर्च, आणि जमल्यास नळीत घालायचा लवचीक कॅमेरा (फोनला जोडायचा साधाही चालतो)
- मल्टिमीटर

कागद:
- ट्रेलरची नोंदणी आणि खरेदीची पावती
- सांगाड्यावरच्या उत्पादकाच्या पट्टीचा फोटो (चेसिस क्रमांक, एकूण वजनमर्यादा, प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा त्यावर असते)
- बोट आणि इंजिन यांच्या वजनाचे कागद
- विमा असेल तर पॉलिसी

कशालाही हात लावण्याआधी चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढून ठेवा. विमा मागायची वेळ आली तर ते लागतात. मिस्त्रीशी बोलतानाही त्यांचा उपयोग होतो.

३. सांगाडा: ठोका, टोचा, मोजा

या पायरीला घाई करू नका. इथेच निम्मा निर्णय होतो.

हातोडी घ्या आणि दर वीतभर अंतरावर ठोकत पुढे सरका. धड पोलाद खणखणतं. पोखरलेल्या जागी आवाज बसका येतो, हातोडी उसळी घेत नाही, आणि बऱ्याचदा नळीच्या आत पापुद्रे खर्रकन घरंगळल्याचं ऐकू येतं. आवाज बदलला तिथे खडूने गोल करा. पूर्ण ट्रेलर झाला की सगळे गोल एकत्र बघा. दोन-तीनच असतील आणि एका भागात असतील तर आशा आहे. सगळीकडे विखुरलेले असतील तर पुढच्या पायऱ्या केवळ खात्रीसाठी करायच्या.

मग प्रत्येक गोलात स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचा. पापुद्रा उडाला आणि खाली कडक, चकचकीत धातू लागला तर तो वरवरचा गंज. टोक आत रुतलं तर तिथे लोखंड उरलेलंच नाही. अर्धवट प्रकरण असेल, म्हणजे भोक नाही पण पातळ झालंय असं वाटत असेल, तर धड जागची आणि गंजलेल्या जागची जाडी तुलना करून बघा. मिस्त्रीकडे जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तम.

खास बघायच्या जागा या: जिथे आडवा दांडा लांबीच्या दांड्याला मिळतो ते सांधे; पुढची दांडी जिथे मुख्य सांगाड्याला जोडते ती जागा; पाट्यांची (एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगची) टोकं अडकवलेले हँगर; स्प्रिंग आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या, म्हणजे यू-बोल्टच्या, पट्ट्यांखालची पाणी धरून ठेवणारी फट; आणि सगळ्यात मागचा आडवा दांडा, कारण पाण्यात पहिला तोच जातो. वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी तडा गेलीय का, तेही ब्रश मारून बघा. रंगावर गंजाची बारीक सरळ रेघ दिसली की तिथे तडा असण्याची शक्यता मोठी.

धातू कुठला आहे त्यावर पुढचं वाचन बदलतं.

*रंगवलेलं पोलाद:* बाहेरून कितीही छान दिसो, नळीच्या आत रंग पोचलेला नसतो. गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड आलेला दिसला म्हणजे आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

*गरम जस्तात बुडवलेलं पोलाद:* ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या जस्तात अख्खा सांगाडा बुडवतात, त्यामुळे मुलामा आतही बसतो. पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, ते जस्त झिजतंय आणि पोलाद वाचवतंय. तांबूस गंज दिसला तर तिथलं जस्त संपलं. एखाददुसऱ्या ठिकाणी असेल तर घासून जस्तयुक्त रंग द्या आणि पुढे चला.

*अ‍ॅल्युमिनियम:* लाल गंज नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पोलादी बोल्ट आणि ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमला टेकतात तिथे खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं. बोल्टभोवती पांढरट फुगवटा किंवा खड्डे दिसतात का पाहा. तांब्याची प्रक्रिया केलेलं लाकूड थेट अ‍ॅल्युमिनियमवर बसवलं असेल तर त्याखालीही हाच प्रकार.

आता मोजमाप. कपलरच्या (दांडीच्या टोकाचा, गाडीला अडकवायचा जोड) मध्यापासून अ‍ॅक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत टेप धरा. दोन्ही अंतरं सारखी हवीत, ३ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर काळजी नको. मग सांगाड्याच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. अ‍ॅक्सलचं माप चुकलं पण कर्ण जुळले, तर बहुधा अ‍ॅक्सल नुसता सरकलाय, यू-बोल्ट सैल करून जागेवर आणता येतो. कर्णच जुळत नसतील तर सांगाडा तिरका झालाय. बोल्टने जोडलेला असेल तर कधीकधी सरळ करता येतो. वेल्ड केलेला, तिरका आणि वर गंजलेला, असं तिन्ही असेल तर मी पुढे वेळ घालवणार नाही.

४. अ‍ॅक्सल आणि स्प्रिंग

पाट्यांच्या ट्रेलरमध्ये अनेक अ‍ॅक्सल मुद्दामच मध्यभागी किंचित वर वाकवलेले असतात, वजन आलं की सरळ होतात. नवखे लोक रिकाम्या ट्रेलरखाली बघून "अ‍ॅक्सल वाकलाय" म्हणून मोडीत काढतात. खरी खूण टायरवर असते: एका चाकाची एकच कड झिजलेली, दुसरं चाक ठीक. तसं असेल तर वाकलेला अ‍ॅक्सल ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका, बदला.

पाटे एकमेकांवर दाबलेले असतात, मध्ये पाणी अडकतं. पानांमध्ये फुगवटा असेल, एखादं पान तुटलं असेल, तर दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदला. एक नवा, एक जुना असं ठेवलं तर ट्रेलर एका अंगावर कलतो.

रबराच्या अ‍ॅक्सलची गोष्ट वेगळी. चौकोनी नळीत दाबून बसवलेले रबराचे दांडे स्प्रिंगचं काम करतात. ते रबर घरी किंवा गॅरेजमध्ये बदलता येत नाही, पूर्ण अ‍ॅक्सलच घ्यावा लागतो. दोन्ही चाकांच्या दांड्यांचा कोन वेगळा दिसला, किंवा वजन टाकल्या-काढल्यावर दांडा हलेचना, तर तो गेला. एक समाधान आहे: हा अ‍ॅक्सल बहुधा बोल्टने लागलेला असतो. बोल्ट लावायची जागा धड असेल तर एवढ्यासाठी ट्रेलर बदलायची गरज नाही.

५. हब, बेअरिंग, ब्रेक

चाक उचलून वर-खाली धरा आणि हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल किंवा झिजलेलं. हाताने फिरवून कान लावा. घरघर आली तर उघडा. टोपी काढल्यावर ग्रीस दुधट पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय. याचं कारण सोपं आहे: रस्त्यावरून आलेला गरम हब थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी ओढलं जातं. बेअरिंग, त्याची बाहेरची कडी आणि सील हे तिन्ही एकदम नवे घाला. जुन्यांवर कोरलेला क्रमांक उतरवून घेतलात की दुकानात वाद होत नाही.

बेअरिंग खराब असणं हे ट्रेलर बदलायचं कारण नव्हेच. कारण ठरू शकतं ते आतल्या टोकाचं, म्हणजे ज्या दांडीवर बेअरिंग बसतं त्या स्पिंडलचं. त्यावर निळसर जळाल्याचे डाग, खोल ओरखडे, किंवा नवं बेअरिंग बसवल्यावर ढिलं फिरणं, यातलं काही असेल तर अ‍ॅक्सलचा खर्च यादीत लिहा.

ब्रेकबाबत मी जरा कडक आहे. बऱ्याच बोट ट्रेलरना धक्क्यावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतात: गाडी थांबते, ट्रेलर पुढे रेटतो, कपलरमधला सिलिंडर दाबला जातो. कपलरचा सरकता भाग गंजून अडकला, सांगाड्याच्या आतून गेलेल्या नळ्या खाल्ल्या गेल्या आणि ड्रमही जाम, असं एकत्र झालं तर अर्धवट दुरुस्ती करून उपयोग नाही, पूर्ण संच नवा घालावा लागतो. हा आकडा मोठा असतो आणि अंदाजपत्रकात तोच विसरला जातो. ब्रेक कुठल्या वजनापासून सक्तीचे, हे देशागणिक बदलतं (युरोपीय संघात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला लागतात), तेव्हा आपल्याकडचा नियम नोंदणी कार्यालयात विचारून घ्या.

६. किरकोळ म्हणून सोडून द्यायच्या गोष्टी

फळ्या कुजल्या, त्यांवरचा गालिचा फाटला, रोलर तडकले, विंचचा पट्टा विरला, दिवे लागत नाहीत. हे सगळं बदला, पण यांपैकी काहीही निर्णयाच्या तराजूत टाकू नका. दिव्यांच्या तक्रारी निम्म्याहून जास्त वेळा गंजलेल्या अर्थिंगच्या असतात. मल्टिमीटर लावून बघा, मग नवे दिवे आणा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार अंक असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी मी भरवसा ठेवत नाही. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि उभे राहून जास्त मरतात.

७. हा ट्रेलर तुमच्या बोटीला मुळात पुरतो का?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते. दांडा वाकला, टायर वारंवार फुटले, वेल्डिंग पुन्हा पुन्हा उकललं, तर आधी वजन तपासा. कागदावरचं बोटीचं वजन बहुधा रिकाम्या बोटीचं असतं. त्यात इंजिन, बॅटऱ्या, नांगर, दोर आणि इंधन मिळवा. १०० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ७५ किलो, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यावर ट्रेलरचं स्वतःचं वजन. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे भरलेली बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेणं (अर्थात ट्रेलर चालण्याजोगा असेल तर).

पट्टीवरच्या मर्यादेपेक्षा बेरीज जास्त आली तर चर्चा संपली. कितीही उत्तम दुरुस्ती केली तरी तो पुन्हा तिथेच मोडेल. बेरीज मर्यादेला अगदी टेकत असेल तरी मोठा ट्रेलर घ्या, १५-२० टक्के मोकळीक हवी. आणि फक्त जाड अ‍ॅक्सल टाकून मर्यादा वाढत नाही. सांगाडा, कपलर, टायर यांतला सगळ्यात कमजोर भाग जेवढं उचलेल तेवढीच ट्रेलरची ताकद.

८. वेल्डिंगवाल्याला काय विचारायचं

"भोकावर पट्टी मारून देतो," असं कुणी म्हणालं तर विचारा, पट्टी कशावर मारणार? पातळ झालेल्या लोखंडावर टाका धरत नाही, बाजूचं लोखंडच जळून जातं. धड काम म्हणजे गंजलेला तुकडा धड धातू लागेपर्यंत कापायचा आणि त्याच जाडीचा नवा तुकडा बसवायचा. पुढच्या दांडीवर किंवा हँगरच्या जागी ठिगळ मला मान्य नाही. तो भाग बदला किंवा ट्रेलर बदला.

जस्ताच्या मुलाम्यावर थेट वेल्डिंग केलं तर जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढायला हवं, काम उघड्यावर हवं, आणि नंतर त्या जागी जस्तयुक्त रंगाचा थर हवा. पूर्ण सांगाडा पुन्हा जस्तात बुडवायचा बेत असेल तर सगळे भाग उतरवावे लागतात आणि प्रत्येक बंद नळीला भोकं ठेवावी लागतात, नाहीतर आत कोंडलेली हवा-पाणी तापून नळी फुटते. हा खर्च एकदा विचारून बघाच, बरेच जण तिथेच नव्याकडे वळतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याला उष्णता लागली की सांध्याजवळची ताकद बरीच उतरते. त्यात तडा असेल तर वेल्डिंगपेक्षा दांडा बदलणं बरं. हे ट्रेलर बहुधा बोल्टचेच असतात.

९. हिशेब मांडा

दोन मिस्त्रींकडून बाबवार लेखी अंदाज घ्या. "सगळं मिळून एवढं" असा गोल आकडा घेऊ नका. यादीत हे आहे का बघा: गंजलेले बोल्ट कापायची मजुरी, नवे यू-बोल्ट, रंग किंवा जस्त, ब्रेकच्या नळ्या, दिव्यांची वायर. उघडल्यावर आणखी काहीतरी निघतंच, म्हणून आलेल्या बेरजेत वर पाव हिस्सा मिळवा.

दुसऱ्या बाजूला नव्या ट्रेलरची किंमत, वाहतूक, नोंदणी, आणि फळ्या तुमच्या बोटीच्या तळाला जुळवून घ्यायची मजुरी लिहा. जुना विकून किंवा भंगारात जे येईल ते वजा करा.

माझा ठोकताळा असा. सांगाडा धड असेल तर दुरुस्ती निम्म्या किमतीच्या पुढे गेली तरी करावी, कारण नवे भाग लागल्यावर तुमच्या हातात जवळजवळ नवा ट्रेलर असतो. सांगाडा दोन-तीन वेगवेगळ्या भागांत गेला असेल तर दुरुस्ती कितीही स्वस्त पडो, करू नये. मधल्या प्रकरणांसाठी तिसरा रस्ताही आहे: नुसता सांगाडा नवा घ्या आणि जुन्याचे चांगले हब, विंच, टायर, दिवे त्यावर चढवा.

१०. कागदपत्रांचे सापळे

विमा असेल तर सर्वेअर येऊन पाहीपर्यंत काहीही कापू नका. अपघाताचं नुकसान मिळू शकतं. गंज आणि झीज बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत, त्यामुळे अर्जात दोन्ही एकत्र कालवू नका.

चेसिस क्रमांक बहुधा पुढच्या दांडीवर ठोकलेला असतो. ती दांडी किंवा सांगाडा बदलणार असाल तर नोंदणी कार्यालयात आधी विचारा, मग कटर चालवा. क्रमांक नसलेला ट्रेलर पुढे विकताही येत नाही आणि रस्त्यात अडवला तर उत्तरही देता येत नाही.

११. जुना घेणार असाल तर

ताजा काळा रंग मारलेला ट्रेलर दिसला की दुप्पट सावध व्हा आणि हातोडी सोबत न्या. विकणारा ठोकू देत नसेल तर उत्तर मिळालंच. फळ्या बोटीच्या मागच्या उभ्या फळीपर्यंत पोचतात का, हेही मोजा. इंजिनचं वजन तिथेच असतं. फळ्या आखूड पडल्या तर बोटीचा तळ कालांतराने वाकतो.

१२. रस्त्यावर काढायच्या आधी

दुरुस्त केलेला असो की नवा, बोट चढवल्यावर कपलरवर येणारा भार एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के हवा. कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटी हलवतो. विंचचा खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या. साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून अडकवा, म्हणजे कपलर निसटला तर दांडी साखळ्यांवर टेकेल, रस्त्यात रुतणार नाही. पहिली फेरी जवळचीच ठेवा. थोडं अंतर गेल्यावर थांबून हबला हात लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तिथेच थांबायचं. परत आल्यावर चाकांचे आणि यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा, आणि साधारण ८० किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा.